‘स्मित’ म्हणजे नेमके काय? अर्थ, मूळ आणि मराठीतला वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कथेचे मराठी भाषांतर करताना ‘त्याने तिला एक मंद स्मितहास्य दिले’ असे वाक्य लिहिले गेले. तपासणाऱ्याने ‘स्मितहास्य’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि बाजूला ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारला. त्यावरून विचारले आहे की स्मित आणि हास्य एकच का, ‘स्मित’ हा शब्द आला कुठून, इंग्रजीतल्या ‘स्माइल’शी त्याचे नाते आहे का, आणि ‘स्मिता’च्या उलट ‘अस्मिता’ असे म्हणता येईल का.

मी आधी संस्कृत शिकवत होतो आणि नंतरची तीसेक वर्षे भाषांतर आणि संपादन यांतच गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तपासणाऱ्याची रेघ चुकीच्या शब्दाखाली पडली आहे. त्या वाक्यात तीन शब्द खटकतात, पण ‘स्मितहास्य’ त्यांत नाही. ते तीन कोणते हे शेवटी सांगेन, कारण त्याआधी या शब्दाचा स्वभाव कळायला हवा.

संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, ‘ष्मिङ् ईषद्धसने’ अशी नोंद आहे. ईषत् म्हणजे थोडे, किंचित. सुरुवातीचा ‘ष’ प्रत्यक्ष वापरात ‘स’ होतो आणि शेवटचा ‘ङ्’ हा धातू आत्मनेपदी आहे, म्हणजे त्याला ‘ति’ऐवजी ‘ते’ अशा प्रकारचे प्रत्यय लागतात, एवढे सांगण्यापुरता असतो, म्हणून रूप होते ‘स्मयते’. (आत्मनेपदावरून ‘स्मिताचे फळ करणाऱ्यालाच मिळते’ असा अर्थ काढणारे लोक भेटतात. वाचायला छान वाटते, पण व्याकरणात बसत नाही. ङ् लागलेल्या धातूंना आत्मनेपद नेहमीच होते, फळ कोणालाही मिळो.) या धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘स्मित’ तयार होते. ‘नपुंसके भावे क्तः’ या पाणिनीच्या सूत्राने असे शब्द क्रियेचे नाव म्हणून नपुंसकलिंगात वापरले जातात. ‘गीत’, ‘जीवित’ हे शब्द त्याच वाटेने आले. मराठीत आपण ‘ते स्मित’ म्हणतो ते त्यामुळेच.

अमरकोशही ‘मनाक्’, म्हणजे जरासे, हसणे ते स्मित असेच सांगतो. त्यामुळे कोश उघडणाऱ्याचा समज होतो की हसणे ही एक मोजपट्टी आहे आणि तिच्यावरची पहिली खूण म्हणजे स्मित. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. कोशकाराला एका ओळीत काम उरकायचे असते. शब्द प्रत्यक्ष कुठे कुठे वावरला ते पाहिले की वेगळेच काहीतरी हाती लागते.

ऋग्वेदात हा धातू माणसांपेक्षा उजेडाच्या संगतीत जास्त ठळकपणे भेटतो. पहिल्या मंडलातल्या ब्याण्णवाव्या सूक्तात उषेबद्दल म्हटले आहे, ‘श्रिये छन्दो न स्मयते विभाती’. उजळत जाणारी उषा स्मित करते. त्याच मंडलात मरुतांच्या, म्हणजे वादळाच्या देवांच्या, सूक्तात ‘अव स्मयन्त विद्युतः पृथिव्याम्’ असे येते, म्हणजे विजा पृथ्वीकडे पाहून खाली स्मित करतात. चौथ्या मंडलात तुपाच्या धारा अग्नीकडे जातात त्या उत्सवाला निघालेल्या, ‘स्मयमान’ अशा सुंदर स्त्रियांसारख्या. पहाट, वीज, अग्नी. तिन्ही ठिकाणी आवाज नाही, विनोद नाही, दात दाखवणे नाही. अंधारात एकाएकी काहीतरी उजळते, आणि त्या उजळण्याला वैदिक कवीने ‘स्मि’ हा धातू लावला. माझे म्हणणे एवढेच की ‘स्मित’ म्हणजे छोटे केलेले हसणे नव्हे, चेहऱ्यावर आलेल्या उजेडाचे ते नाव आहे.

हा उजेड पुढच्या साहित्यातही विझत नाही. नाट्यशास्त्राने रसांना रंग दिले आहेत, त्यात शृंगार श्याम आणि हास्य पांढरे: ‘सितो हास्यः प्रकीर्तितः’. संस्कृत कवितेत हसणे पांढरेच असते. मेघदूतात कैलास पर्वताचे बर्फ म्हणजे शंकराचा रोजच्या रोज साठत गेलेला अट्टहास. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात कालिदास पार्वतीच्या स्मिताला उपमा शोधतो आणि म्हणतो, कोवळ्या तांबूस पालवीवर पांढरे फूल ठेवले, किंवा लखलखीत पोवळ्यावर मोती ठेवला, तर कदाचित तिच्या लाल ओठांवर पसरलेल्या त्या शुभ्र स्मिताची नक्कल होईल. ‘ताम्रौष्ठपर्यस्तरुचः स्मितस्य’ असे त्याचे शब्द आहेत. ‘रुच्’ म्हणजे कांती, प्रकाश. ओठांवर पसरतो तो प्रकाश. कांचीच्या कामाक्षीवर मूककवीने पाच शतके, म्हणजे शंभरेक श्लोकांची पाच स्तोत्रे, रचली, त्यातले एक अख्खे शतक, मंदस्मितशतक, केवळ देवीच्या स्मितावर आहे.

‘हस्’ धातूलाही हा उजेडाचा अर्थ चिकटला आहे. अमरकोशात शेगडीच्या नावांमध्ये ‘हसन्ती’ असे एक नाव आहे. निखारे फुललेली शेगडी म्हणजे हसणारी. मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा काही क्षण पुस्तक मिटून बसलो होतो. इतका नेमका शब्द आपण हरवला याची हळहळ अजून वाटते.

आता नाट्यशास्त्राकडे, कारण तुमच्या ‘पुनरुक्ती’चे उत्तर तिथे आहे. सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. स्मिताचे लक्षण असे: ‘ईषद्विकसितैर्गण्डैः कटाक्षैः सौष्ठवान्वितैः। अलक्षितद्विजं धीरमुत्तमानां स्मितं भवेत्॥’ गाल किंचित फुललेले, नजर रेखीव, दात दिसत नाहीत, आणि सगळे धीराने, संथपणे. (इथे ‘द्विज’ म्हणजे दात. एकदा पडून पुन्हा जन्मतात म्हणून दोनदा जन्मलेले.) हसितात दात किंचित दिसतात. विहसितात डोळे आणि गाल आकसतात आणि गोड आवाज येतो. उपहसितात नाकपुड्या फुलतात, नजर वाकडी होते. अपहसित म्हणजे अस्थानी हसणे, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोके हलते आहे. अतिहसितात आवाज चढतो आणि हात कुशी दाबून धरतात. आपण मराठीत ‘पोट धरून हसलो’ म्हणतो ते हुबेहूब हेच आहे.

यातली उत्तम, मध्यम, अधम ही वाटणी मी शिकवताना नेहमी जपून सांगत असे. पोट धरून हसणारा माणूस हीन असा त्याचा अर्थ घेऊ नये. हा नटांसाठी लिहिलेला ग्रंथ आहे. राजाची भूमिका करणाऱ्याने कुठवर हसायचे आणि विदूषकाने कुठवर, एवढाच तो प्रश्न. पण शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की इथे ‘हास्य’ ही जात आहे आणि ‘स्मित’ ही तिच्यातली एक पोटजात. म्हणून ‘स्मितहास्य’ म्हणजे स्मित या प्रकारचे हास्य. ‘आम्रवृक्ष’ म्हणताना आम्र हा वृक्षच आहे हे माहीत असूनही आपण म्हणतो, तसाच हा समास. ‘पिवळा पीतांबर’ या पंक्तीत तो बसत नाही. तपासणाऱ्याला हे जरूर दाखवा.

मात्र ‘मंद स्मितहास्य’ किंवा ‘हलके स्मित’ म्हटले की गोष्ट बदलते. ‘ईषत्’ धातूतच आहे, त्यावर पुन्हा ‘मंद’ कशाला? मूककवीने ‘मंदस्मित’ म्हटले आहे हे खरे, आणि कवितेत लय, अनुप्रास, लाडिकपणा यांसाठी तसे चालतेच. गद्यात मी ‘मंद’ काढून टाकतो. ‘स्मित’ एकटे ठेवले तर वाचकाला ते हळूच ऐकू येते, विशेषण लावले की ते ओरडू लागते.

या धातूच्या दुसऱ्या शाखेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘वि’ उपसर्ग लागला की ‘विस्मय’. उजेडाने उघडलेला चेहरा जसा आनंदाचा असतो तसाच आश्चर्याचाही असतो. रसशास्त्रात तर या एका धातूच्या दोन लेकी दोन घरी गेल्या: स्मित गेले हास्यरसाच्या घरी, विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायी भाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, झाला. पाणिनीने भीती आणि विस्मय या दोन धातूंना एकाच सूत्रात बांधले आहे, ‘भीस्म्योर्हेतुभये’. सूत्राची गंमत टीकाकारांच्या उदाहरणांनी कळते. मुंडन केलेला माणूस स्वतःच एखाद्याला चकित करत असेल तर ‘मुण्डो विस्मापयते’. पण तो हातातल्या कुंचिकेने, म्हणजे एखाद्या साधनाने, चकित करत असेल तर ‘कुञ्चिकया विस्माययति’. आश्चर्य माणसाचे वाटले की त्याच्या हातातल्या वस्तूचे, यावरून क्रियापद बदलते! इतक्या बारकाईने ही भाषा आश्चर्याकडे पाहत होती.

‘स्मि’चा आणखी एक वंशज म्हणजे ‘स्मेर’, हसऱ्या चेहऱ्याचा. ‘स्मेरानना’ हे विशेषण स्तोत्रांत आणि काव्यात भेटते. तो ज्या सूत्राने तयार होतो त्याच सूत्राने ‘नम्र’, ‘कम्र’, ‘दीप्र’ आणि ‘हिंस्र’ही तयार होतात. सगळे ‘तसा स्वभाव असलेला’ या अर्थाचे. मराठीने नम्र आणि हिंस्र रोजच्या वापरात ठेवले, स्मेर मात्र पोथीतच राहिला.

आणि ‘स्मय’? त्याचा अर्थ मात्र घसरला. भर्तृहरीचा प्रसिद्ध श्लोक आहे: ‘बोद्धारो मत्सरग्रस्ताः प्रभवः स्मयदूषिताः’. जाणते मत्सराने ग्रासलेले, सत्ताधारी स्मयाने बिघडलेले. इथे स्मय म्हणजे गर्व. दुसऱ्याकडे पाहून ओठांच्या कडेला येणारे ते हसू, ज्यात ‘मी कोण आहे ते तुला माहीत नाही’ असे भरलेले असते. स्मिताचा उजेड स्वतःवरच पाडला की त्याचा स्मय होतो, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

नेमकी अशीच घसरण इंग्रजीत झाली आहे, आणि इथे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. होय, ‘स्माइल’ आणि ‘स्मित’ हे नातलग आहेत. कोणी कोणाकडून घेतलेले नाहीत. दोघेही एकाच प्राचीन भारत-युरोपीय धातूपासून आपापल्या वाटेने आले. ‘स्माइल’ हा शब्द इंग्रजीत साधारण तेराशेच्या सुमारास दिसू लागतो, बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आलेला. त्याआधी इंग्रजीत याच मुळाचे दुसरे क्रियापद होते, ज्याचे आजचे रूप ‘स्मर्क’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधे स्मित करणे असाच होता. नवा शब्द आला आणि जुन्याच्या वाट्याला तुच्छतेने, आत्मसंतुष्टपणे हसणे एवढेच उरले. स्मय आणि स्मर्क, दोघांची कहाणी एक.

रशियनमधले ‘स्मेयात्सा’, म्हणजे हसणे, हेही याच कुळातले. ग्रीकमध्ये सुरुवातीचा ‘स’ गळला आणि ‘मेइदिआओ’ उरले. होमर ॲफ्रोडाइटी देवीला ‘फिलोमेइदेस’ म्हणतो, स्मिताची आवड असलेली. लॅटिनमध्येही ‘स’ गळून ‘मीरुस’ झाले, आणि त्याचा अर्थ हसरे नव्हे तर आश्चर्यकारक. त्यातून इंग्रजीत मिरॅकल, मार्व्हल, ॲडमायर आणि मिररसुद्धा आले. म्हणजे संस्कृतात ‘वि’ लावून जे झाले ते लॅटिनमध्ये उपसर्गाशिवायच झाले. स्मित आणि विस्मय यांची ही जोडी एका भाषेचा योगायोग नाही, ती मुळातच आहे. ‘स्मित म्हणजे लहान हसणे’ एवढ्याने माझे समाधान होत नाही ते याच कारणाने.

एक फरक ध्यानात ठेवा. ‘स्मृ’ हा धातू वेगळा. स्मरण, स्मृती, स्मर, विस्मरण हे सगळे त्याचे. त्यामुळे ‘विस्मित’ म्हणजे चकित झालेला आणि ‘विस्मृत’ म्हणजे विसरलेला किंवा विसरला गेलेला. छापील मजकुरात ‘तो क्षणभर विस्मृत झाला’ असे चकित होण्याच्या अर्थाने लिहिलेले मी कितीदा दुरुस्त केले असेल!

आता स्मिता आणि अस्मिता. दिसायला ‘सत्य-असत्य’सारखी जोडी, पण नाते काहीच नाही. ‘स्मिता’ म्हणजे स्मित करणारी, हसरी. ‘सुस्मिता’ म्हणजे सुंदर स्मित असलेली. ‘सस्मित’ म्हणजे स्मितासह. ‘अस्मिता’ची फोड मात्र ‘अस्मि’ अधिक ‘ता’ अशी होते. ‘अस्मि’ म्हणजे ‘मी आहे’ आणि अस्मिता म्हणजे मी-आहे-पण. पतंजलीच्या योगसूत्रांत ती पाच क्लेशांपैकी एक आहे: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश. पाहणारा आणि पाहण्याचे साधन हे दोन एकच आहेत असे वाटणे म्हणजे अस्मिता, अशी तिथे व्याख्या आहे. आधुनिक मराठीत तिला स्वत्वाचा, ओळखीच्या अभिमानाचा अर्थ मिळाला आणि क्लेशाची ती छटा पुसली गेली. कोणाचे नाव अस्मिता असेल तर ‘न हसणारी’ म्हणून तिची थट्टा करू नका. व्याकरण तिच्या बाजूने आहे.

इथवर संस्कृतचे झाले. पण तुम्ही मराठी लिहिता, आणि मराठीत ‘स्मित’ची जागा निराळी आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या शब्दाचे क्रियापद मराठीत नाही. आनंदणे, संतापणे, स्वीकारणे, मोहणे अशी क्रियापदे आपण संस्कृत शब्दांपासून सहज केली, पण ‘तो स्मितला’ असे कोणी म्हणत नाही. हिंदीला ‘हँसना’ आणि ‘मुस्कुराना’ ही दोन क्रियापदे आहेत. मराठीला एकच, ‘हसणे’. ही उणीव आहे असे समजून नवे भाषांतरकार घाबरतात आणि मूळ मजकुरात जिथे जिथे ‘स्माइल’ दिसेल तिथे तिथे ‘स्मित केले’, ‘स्मितहास्य केले’ लिहीत सुटतात. एका पानावर सहा स्मिते आली की पात्रे देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारखी दिसू लागतात.

मराठी हा फरक क्रियापदाने दाखवत नाही, विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययाने दाखवते. ‘ती माझ्याकडे पाहून हसली’ म्हटले की ते स्मित. ‘ती मला हसली’ म्हटले की माझी फजिती झाली. एकाच ‘हसली’चे दोन टोकांचे अर्थ, आणि मराठी कानाला क्षणभरही शंका येत नाही. ‘तिच्या बोलण्यावर तो हसला’ यात आवाज असू शकतो, नसूही शकतो, ते पुढचे वाक्य ठरवते. ‘ती माझ्यावर हसली’ ही रचना हल्ली फार दिसते. ती बाहेरून आलेली आहे, ‘मला हसली’ हेच खरे मराठी.

शिवाय मराठीकडे सांगण्याच्या जागा भरपूर आहेत. गालातल्या गालात हसणे, ओठांतल्या ओठांत हसणे, मिशीतल्या मिशीत हसणे. यांचा वापर करताना मात्र सांभाळा. गालातल्या गालात हसणारा माणूस काहीतरी लपवतो आहे, त्याला एखादी गोष्ट कळली आहे जी समोरच्याला कळलेली नाही. दारात पाहुणा आला आणि यजमान ‘गालातल्या गालात हसले’ असे लिहिले तर वाचक पुढे कटकारस्थानाची वाट पाहील. स्वागताला ‘हसतमुखाने’ किंवा नुसते ‘हसून’ पुरते. खुदकन हसणे बहुधा मुलांचे आणि तरुणींचे. फिदीफिदी हसणे बोलणाऱ्याला आवडलेले नसते. ‘दात काढणे’ तर उघड राग आहे. ‘अलक्षितद्विज’ स्मिताच्या बरोबर उलट टोक. कसनुसे हसणे म्हणजे ओठ हसतात आणि बाकीचा चेहरा साथ देत नाही.

‘हसल्यासारखे केले’ ही रचना मला विशेष प्रिय आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन खचून गप्प बसतो तेव्हा श्रीकृष्ण त्याला ‘प्रहसन्निव’ बोलतो, जणू हसत. ‘हस्’ला ‘इव’ जोडून संस्कृतने तिथे हसणे सौम्य केले. मराठीत तीच युक्ती केली की अर्थ फिरतो. ‘त्याने हसल्यासारखे केले’ म्हणजे त्याला हसायचे नव्हते. म्हणून ‘प्रहसन्निव’चे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून केले तर कृष्ण ढोंगी ठरतो. ‘जणू हसतच’ किंवा ‘मंद हसत’ हे त्याहून बरे.

आता ‘हसू’ आणि ‘स्मित’ यांतला फरक, जो मला कामाच्या ओघात बऱ्याच उशिरा उमगला. ‘हसू’ची जोडी ‘रडू’शी आहे. दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही आतून येतात. मला हसू आले, मला रडू आले. हसू फुटले, रडू फुटले. हसू आवरले, रडू आवरले. ‘मला स्मित आले’ असे कधीच होत नाही. हसू येते, स्मित दिसते. हसू हे ज्याचे त्याला जाणवते, स्मित हे समोरचा पाहतो. म्हणूनच ‘मी स्मित केले’ हे वाक्य कानाला खोटे लागते. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, मग ते स्मित होते हे मला कसे कळले? प्रथमपुरुषी निवेदनात ‘मी हसलो’ एवढेच लिहावे. ‘तिच्या चेहऱ्यावर स्मित उमटले’ हे मात्र ठीक, कारण तिथे पाहणारा कोणीतरी आहे.

पाली भाषेत ‘स्मित’चे ‘सित’ झाले. घटिकार सुत्तात प्रवासात एका ठिकाणी बुद्ध वाटेवरून बाजूला होतात आणि ‘सितं पात्वाकासि’, म्हणजे स्मित प्रकट करतात. ते त्यांचा शिष्य आनंद याच्या नजरेला पडते आणि तो विचारतो, याचे कारण काय, कारण तथागत, म्हणजे बुद्ध, विनाकारण स्मित करत नाहीत. क्रियापद पाहा, ‘प्रकट केले’. इथेही स्मित ही दिसणारी गोष्ट आहे, आणि पाहणारा जवळ उभा आहे. मूर्ती, चित्र, छायाचित्र यांच्या बाबतीत म्हणूनच ‘स्मित’ शोभते. मोनालिसाचे स्मित असते, मोनालिसाचे हसू म्हटले की चित्र हलायला लागते.

‘हसे’ हा तिसरा. ‘चारचौघांत हसे झाले’, ‘स्वतःचे हसे करून घेतले’. त्यात आनंद नावालाही नाही. ‘हसण्यावारी नेणे’ म्हणजे गंभीर गोष्ट हलकी करून टाळणे. आणि ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण तर ‘मला हसणाऱ्यांची पर्वा नाही’ असे ठणकावून सांगते. या सगळ्या ठिकाणी ‘स्मित’ ठेवून पाहा, एकाही ठिकाणी बसत नाही. मराठीने या शब्दाला भांडणात कधी ओढले नाही.

बोलण्यात हल्ली ‘स्माइल’ आहे, आणि ती स्त्रीलिंगी झाली आहे: ‘तिची स्माइल छान आहे’, ‘जरा स्माइल दे’. फोटो काढताना ‘स्मित करा’ म्हटले तर माणसे गोंधळून गंभीर होतील. मला त्यात वाईट काही वाटत नाही. संवादात पात्र तसे बोलत असेल तर तसेच लिहावे. निवेदनात मात्र ‘स्माइल दिली’ची सावली पडून ‘स्मित दिले’ होते, ते टाळायला हवे. मराठीत हसू देत नाहीत, घेत नाहीत. ते येते, फुलते, उमटते, पसरते, विरते, मावळते.

ही क्रियापदे एकदा सावकाश वाचून पाहा. चेहरा उजळला, चेहरा खुलला, कळी खुलली. आणि दुखावणारा शब्द कानी पडताच ‘चेहऱ्यावरचे हसू मावळले’. मावळतो तो दिवस, सूर्य. ऋग्वेदातली स्मित करणारी उषा आपल्याला ठाऊक असो वा नसो, आपण रोजच्या बोलण्यात अजून हसण्याचा उदय आणि अस्त मोजतो. म्हणून ‘स्मित’ला क्रियापद नाही याची खंत करू नका, ‘उमटणे’ आणि ‘मावळणे’ ही त्याचीच क्रियापदे आहेत.

लेखनाबद्दल थोडके. ‘स्मित’मधली मि ह्रस्वच. तत्सम शब्द असल्यामुळे मूळ रूप राहते, ‘स्मीत’ आणि ‘सस्मीत’ चूक. ‘स्मितहास्य’ एकत्र लिहावे, तो समास आहे. ‘स्मितवदन’, ‘स्मितमुख’ ही विशेषणे स्तुतिपर किंवा औपचारिक मजकुरात ठीक, कथेत ‘हसरा’ किंवा ‘हसतमुख’ जास्त जिवंत वाटतात.

आता ते वाक्य: ‘त्याने तिला एक मंद स्मितहास्य दिले.’ खटकणारे तीन शब्द म्हणजे ‘एक’, ‘मंद’ आणि ‘दिले’. ‘एक’ हा इंग्रजी वाक्यातून चिकटून आला आहे, मराठीत स्मिते मोजत नाहीत. ‘मंद’ स्मितातच आहे. ‘दिले’बद्दल वर सांगितलेच. ती तिन्ही काढली की वाक्य पुन्हा बांधावे लागते, आणि तेव्हा विचारायचे की इथे पाहते कोण. कथा तिच्या नजरेतून चालली असेल तर ‘त्याच्या चेहऱ्यावर स्मित उमटले’ असे लिहा. त्याच्या बाजूने चालली असेल तर स्मितही नको, ‘तो तिच्याकडे पाहून हलकेच हसला’ एवढे लिहा.